समलिंगी प्रेक्षकवर्ग आणि तारकापूजन

रंगभूमी, चित्रपट किंवा सुगम संगीत या क्षेत्रांतील एखादी स्त्री कलावंत समलिंगी पुरुषांच्या समुदायात केवळ लोकप्रिय न राहता त्या समुदायाच्या सुखदुःखाचे व आकांक्षांचे प्रतीक बनते, त्या सांस्कृतिक प्रक्रियेस तारकापूजन असे म्हणता येईल. पाश्चात्त्य देशांत अशा कलावंतास ‘गे आयकॉन’ ही संज्ञा रूढ आहे. तिच्यासाठी वापरला जाणारा ‘दिव्हा’ हा शब्द मूळचा लॅटिन असून त्याचा अर्थ ‘देवी’ असा आहे. संस्कृतमधील ‘देव’ व ‘देवी’ हे शब्द त्याचे सगोत्र होत. एकोणिसाव्या शतकात तो ऑपेरातील श्रेष्ठ गायिकांना उद्देशून वापरला जाऊ लागला व विसाव्या शतकात चित्रपटतारका व पॉप गायिका यांनाही लागू झाला.

येथे एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावयास हवी. अशी तारका बहुधा स्वतः समलिंगी नसते आणि तिची कलाही प्रायः या प्रेक्षकांसाठी निर्माण झालेली नसते. तिला प्रतीकाचे स्थान प्रेक्षक देतात. त्यामुळे ‘तिच्यात असे काय आहे ?’ या प्रश्नाइतकाच ‘प्रेक्षकांना तिची गरज का भासली ?’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

पाश्चात्त्य पार्श्वभूमी : या परंपरेचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे अमेरिकन गायिका-अभिनेत्री जूडी गार्लंड (१९२२–६९). द विझर्ड ऑफ ऑझ (१९३९) या चित्रपटाने ती बालवयातच प्रसिद्धीस आली. पुढे व्यसने, आजार व मानसिक ताण यांनी तिचे आयुष्य ग्रासले. १९५० मध्ये एम्‌जीएम्‌ या चित्रसंस्थेशी असलेला तिचा संबंध संपुष्टात आला. तथापि ए स्टार इज बॉर्न (१९५४) हा चित्रपट व न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील १९६१ ची मैफल यांच्या द्वारा ती पुनःपुन्हा उभी राहिली. २२ जून १९६९ रोजी तिचे लंडन येथे निधन झाले. २७ जून रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचा अंत्यविधी झाला आणि त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, त्या शहरातील ‘स्टोनवॉल इन’ या मद्यगृहात पोलिसांनी घातलेल्या छाप्यास समलिंगी व पारलिंगी गिऱ्हाइकांनी प्रतिकार केला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध होता, अशी समजूत दृढ आहे. परंतु पोलिसांचा दीर्घकालीन छळ हेच त्या उठावाचे खरे कारण, असे इतिहासकार सामान्यतः मानतात. अर्थात अशी समजूत निर्माण व्हावी, यातच त्या तारकेचे त्या समुदायातील स्थान दिसून येते.

ब्रिटिश चित्रपटविवेचक रिचर्ड डायर याने १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गार्लंडच्या या लोकप्रियतेची चिकित्सा केली. सामान्यपणा, स्त्री-पुरुषत्वाची सरमिसळ आणि ‘कँप’ ही तिची तीन सूत्रे त्याने सांगितली. ‘कँप’ म्हणजे कृत्रिमता, अतिशयोक्ती व नाटकीपणा यांत रस घेणारी, थट्टा आणि जिव्हाळा यांचे मिश्रण असलेली अभिरुची. अमेरिकन लेखिका सूझन सॉन्टॅग हिने १९६४ मधील एका निबंधात तिची चर्चा केली होती. गार्लंडनंतर शेर, मडॉना, कायली मिनोग, लेडी गागा इ. गायिकांना हे स्थान लाभले. मडॉनाच्या लाइक अ प्रेअर (१९८९) या ध्वनिमुद्रिकेसोबत एड्‌ससंबंधी माहितीपत्रक देण्यात आले होते. त्या रोगाच्या भयाने समलिंगी पुरुष सर्वत्र धिक्कारले जात असताना केलेली ही कृती तिच्या चाहत्यांना मोलाची वाटली. येथून पुढे तारका व हा प्रेक्षकवर्ग यांचे नाते परस्पर जाणिवेचे होऊ लागले.

लक्षणे : अशा तारकांमध्ये काही लक्षणे वारंवार आढळतात. (१) आयुष्यातील पडझड व पुनरागमन : तिचे दुःख लोकांना ठाऊक असते आणि त्यावर मात करून ती रंगमंचावर परतते. (२) अतिरंजित स्त्रीत्व : भरजरी वेश, पिसे, केशसंभार, रंगभूषा यांमुळे तिचे स्त्रीत्व जन्मजात कमी आणि परिश्रमाने धारण केलेले अधिक वाटते, जे धारण करता येते, ते इतरांनाही धारण करता येईल, असा त्याचा गर्भितार्थ असतो. (३) भावनेचा मुक्त उच्चार : जी ओढ प्रेक्षकास स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवता येत नाही, ती तारका पुरुषास उद्देशून उघडपणे गाते. (४) प्रतिष्ठेची उपेक्षा : कुटुंब व समाज यांनी आखून दिलेल्या चौकटीबाहेर ती स्वतःच्या अटींवर जगते किंवा तशी भूमिका करते. यांपैकी तिसरे लक्षण विशेष महत्त्वाचे आहे. पुरुषावरील प्रेम व्यक्त करणारी सर्वमान्य गीते प्रायः स्त्रीच्या मुखी घातलेली असतात. त्यामुळे असे प्रेम बाळगणाऱ्या पुरुषास शब्द हवे असतील, तर ते स्त्रीकडूनच उसने घ्यावे लागतात.

भारतीय स्वरूप : भारतात पॉप गायिकेचे स्थान दीर्घकाळ हिंदी चित्रपटातील नायिकेने व नर्तिकेने व्यापले होते. येथे एक वेगळेपणही आढळतो. धूपछाँव (१९३५) पासून हिंदी चित्रपटांत पार्श्वगायनाची प्रथा सुरू झाली आणि तारका दोन व्यक्तींत विभागली गेली : पडद्यावर दिसते ती एक व गाते ती दुसरी. कॅराव्हान (१९७१) मधील प्रसिद्ध कॅबरे-नृत्य हेलनचे, परंतु स्वर आशा भोसले यांचा. मिस्टर इंडिया (१९८७) मधील ‘हवाहवाई’ श्रीदेवी (१९६३–२०१८), परंतु स्वर कविता कृष्णमूर्ती यांचा. नृत्यरचना बहुधा तिसऱ्याच व्यक्तीची असते. तेजाब (१९८८) मधील माधुरी दीक्षित यांच्या गाजलेल्या नृत्याची रचना सरोज खान (१९४८–२०२०) यांची होती.

या विभागणीमुळे आवाज, देह व अदा या तीन गोष्टी परस्परांपासून सुट्या होतात. दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलविणे ही चित्रपटातील नायिकेचीच रीत असल्याने आरशासमोर अथवा स्नेहसंमेलनात त्याच गीतावर ओठ हलविणारा मुलगा तांत्रिक दृष्ट्या तिच्याहून काही वेगळे करीत नसतो. पाश्चात्त्य ‘ड्रॅग’ म्हणजे स्त्रीवेषी सादरीकरणातही ध्वनिमुद्रित गीतावर ओठ हलविण्याची रूढी आहे. परंतु तेथे मूळ गायिका स्वतःच्या गळ्याने गात असते. भारतात मूळ सादरीकरणच उसन्या स्वरावर उभे असते.

हिंदी चित्रपटातील ज्या तारकांना समलिंगी प्रेक्षकांत विशेष स्थान लाभले, त्यांच्यात वर सांगितलेली लक्षणे निरनिराळ्या प्रमाणांत दिसतात. मीनाकुमारी ही शोकाचे प्रतीक मानली गेली. तिचा पाकीजा हा चित्रपट फेब्रुवारी १९७२ मध्ये प्रदर्शित झाला व ३१ मार्च १९७२ रोजी तिचे निधन झाले. प्रतिष्ठित संसाराची ओढ असूनही तो नाकारल्या गेलेल्या नर्तिकेची ती कथा आहे. रेखा यांच्या बाबतीत कायापालटाचे आकर्षण प्रधान ठरले. आरंभी रूपावरून हेटाळणी सोसलेल्या या अभिनेत्रीने पुढे स्वतःचे रूप व भाषा प्रयत्नपूर्वक घडविली. उमराव जान (१९८१) मधील भूमिकेबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर खून भरी माँग (१९८८) मध्ये विद्रूप होऊन नव्या चेहऱ्याने परतणाऱ्या स्त्रीची भूमिका त्यांनी केली. हेलन यांचा जन्म रंगूनचा; दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून निर्वासित म्हणून त्यांचे कुटुंब भारतात आले. चित्रपटांच्या शेवटी त्यांच्या पात्रास बहुधा मृत्यू अथवा विस्मृती येई, पण प्रेक्षकांच्या स्मरणात नृत्य राही. जेरी पिंटो यांनी त्यांच्यावर २००६ मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिला आहे. याहून जुने उदाहरण ‘फिअरलेस नादिया’ (१९०८–९६) हिचे. हंटरवाली (१९३५) मधून चाबूक घेऊन पडद्यावर आलेल्या या नायिकेवर रियाद वाडिया (१९६७–२००३) यांनी १९९३ मध्ये माहितीपट काढला. त्याच दिग्दर्शकाने १९९६ मध्ये बॉमगे हा समलिंगी जीवनावरील भारतातील आरंभीच्या लघुपटांपैकी एक निर्माण केला.

मराठी परंपरा : अदा ही देहापासून वेगळी करता येते, ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नव्हती. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी मानापमान (१९११) मधील भामिनी, एकच प्याला (१९१९) मधील सिंधू इ. भूमिका केल्या, तेव्हा त्यांची वेशभूषा, केशरचना व दागिने यांचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले. पुरुषाने साकारलेले स्त्रीत्व हे येथे स्त्रियांचा आदर्श ठरले. पडद्यावरील लावणीतही हीच विभागणी आढळते. सांगत्ये ऐका (१९५९) मधील गाजलेल्या लावणीवर नृत्य जयश्री गडकर यांचे आणि स्वर आशा भोसले यांचा. सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांनी शृंगारिक लावण्या ठसक्यात गायिल्या, परंतु स्वतः मात्र त्या अंगभर पदर घेऊन, हावभाव न करता गात. शृंगार सगळा आवाजात आणि मर्यादा सगळी देहात, अशी ही वाटणी होती.

परंतु या परंपरेची दुसरी बाजू तमाशातील ‘नाच्या’ या पात्रात दिसते. बायकी हावभाव करणारा हा पुरुष गण, गौळण, बतावणी यांतील विनोदाचा आधार असे. मराठी चित्रपटांत गणपत पाटील यांनी ही भूमिका इतक्या वेळा व इतक्या प्रभावीपणे केली, की लोक त्यांनाही त्याच नजरेने पाहू लागले. आनंद यादव यांच्या नटरंग (१९७८) या कादंबरीचा व तीवरील रवी जाधव दिग्दर्शित चित्रपटाचा (२०१०) नायक हा कलेसाठी नाच्या होणारा पहिलवानी देहाचा पुरुष असून त्याबद्दल त्याला भोगावी लागणारी अवहेलना हा त्या कथेचा गाभा आहे. जी मान वेळावणे, जी कंबर लचकविणे नर्तिकेच्या ठायी कला मानले जाते, तेच पुरुषाच्या ठायी हास्यास्पद व प्रसंगी दंडनीय ठरते. तारकापूजनाचे मर्म या विषमतेत शोधावे लागते. ज्या हालचालीबद्दल मुलाला घरी मार बसतो किंवा शाळेत टोपणनाव मिळते, तीच हालचाल तारकेने करताच हजारो लोक टाळ्या वाजवितात. ती हालचाल मुळात सुंदर आहे, दोष तिच्यात नाही, याची ग्वाही त्या मुलास तारकेकडून मिळते.

सामाजिक व विधिविषयक संदर्भ : १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३७७ व्या कलमान्वये पुरुषांमधील संमतीने होणारा शरीरसंबंधही गुन्हा ठरत असे. त्यामुळे या समुदायास स्वतःच्या संस्था, वृत्तपत्रे वा उघड भेटीची ठिकाणे दीर्घकाळ नव्हती. बॉम्बे दोस्त हे नियतकालिक अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईत सुरू केले. ‘हमसफर ट्रस्ट’ची स्थापना १९९४ मध्ये, तर पुण्यातील बिंदुमाधव खिरे यांच्या ‘समपथिक ट्रस्ट’ची २००२ मध्ये झाली. त्यापूर्वीच्या काळात चित्रपटगीत हे जवळजवळ एकमेव सामाईक साधन होते. ते आकाशवाणीवरून व पुढे दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचत असे. त्याची आवड असण्यात संशयास्पद काही नव्हते. एखाद्या तारकेविषयीच्या अतीव आस्थेतून दोन अनोळखी माणसांना परस्परांची ओळख पटू शके व वेळ आलीच तर ती केवळ चित्रपटाची आवड म्हणून नाकारताही येई. उघड आणि तरीही नाकारता येण्याजोगी, अशी ही सांकेतिक भाषा होती. महानगरातील मेळावे ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, त्या लहान शहरांतील व गावांतील तरुणांना तिचा उपयोग अधिक होता.

अदेचे मोल ती करणाऱ्या देहावरून ठरते, याचे एक उदाहरण पनवेल व रायगड जिल्ह्याच्या परिसरात पाहावयास मिळते. मुंबई–पुणे व मुंबई–गोवा या महामार्गांच्या सांध्यावर वसलेल्या या भागात विसाव्या शतकाच्या अखेरीस नृत्य असलेली मद्यगृहे वाढली. तेथील नर्तिका माधुरी दीक्षित, श्रीदेवी प्रभृतींच्याच गीतांवर, त्यांच्याच हावभावांत नृत्य करीत. नर्तकांत काही तृतीयपंथीही असत. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी मी हिजडा, मी लक्ष्मी (२०१२) या आत्मकथनात अशा मद्यगृहांतील आपल्या नृत्याविषयी लिहिले आहे. २००५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मद्यगृहांतील नृत्यावर बंदी घातली, मात्र तीन व त्यांहून अधिक तारांकित हॉटेलांना तीतून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही तरतूद रद्द केली व २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. चित्रपटगृहात सहकुटुंब पाहण्यास योग्य ठरलेले तेच नृत्य तारांकित हॉटेलात चालते, पण महामार्गावरील मद्यगृहात अनीतिमान ठरते, हा भेद समलिंगी समुदायाला स्वतःच्या अनुभवावरून परिचित होता.

दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी ३७७ व्या कलमाचा प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या खाजगी संबंधांस लागू होणारा भाग घटनाबाह्य ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरविला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात हे संबंध अंतिमतः गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. समलिंगी विवाहास मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयान्वये मान्यता मिळालेली नाही.

उघड आविष्कार : एकविसाव्या शतकात तारकापूजन खाजगी खोलीतून सार्वजनिक मंचावर आले. श्रीधर रंगायन यांचा गुलाबी आईना (२००३) हा लघुपट स्त्रीवेषी कलावंतांच्या जीवनावरील असून त्यास परीनिरीक्षण मंडळाने प्रमाणपत्र नाकारले होते. मुंबईत २००८ मध्ये अभिमान-यात्रा व २०१० मध्ये ‘कशिश’ हा चित्रपट महोत्सव सुरू झाला. लावणीच्या क्षेत्रात पुरुषांनीच स्त्रीवेषात सादर केलेला बिन बायकांचा तमाशा हा कार्यक्रम रंगभूमीवर लोकप्रिय झाला. त्याचे सर्व कलावंत वा प्रेक्षक समलिंगी होते असे नव्हे; परंतु नाच्याच्या वाट्यास येणाऱ्या हशाऐवजी नर्तिकेस मिळणारी दाद पुरुष नर्तकास मिळू शकते, हे त्याने दाखविले. माजा मा (२०२२) मध्ये स्वतः माधुरी दीक्षित यांनी स्त्रीवर प्रेम करणाऱ्या मध्यमवयीन गृहिणीची भूमिका केली. ज्या तारकेच्या नृत्यात दोन पिढ्यांनी आपले गुपित ठेवले, तिनेच ते गुपित पडद्यावर उच्चारावे, ही घटना या परंपरेतील एक वळण म्हणता येईल.

आक्षेप व मर्यादा : तारकापूजनावर काही आक्षेप घेतले जातात. सर्व समलिंगी पुरुष बायकी असतात व त्यांना नृत्य-संगीताचेच वेड असते, हा रूढ साचा त्यामुळे पक्का होतो, असे काहींचे मत आहे; अनेक समलिंगी पुरुषांना या तारकांविषयी काहीच विशेष वाटत नाही, हेही खरे आहे. तारकेच्या वैयक्तिक दुःखाचा उपभोग घेतला जातो, स्त्रीच्या यातनेचे रूपांतर इतरांच्या करमणुकीत होते, असा स्त्रीवादी आक्षेप आहे. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांचा या परंपरेत अत्यल्प विचार झालेला आहे. त्यांच्या दृष्टीने तारकेच्या नृत्यापेक्षा दीपा मेहता यांच्या फायर (१९९६) या चित्रपटातील दोन जावांचे नाते अधिक जवळचे होते. डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईतील चित्रपटगृहांवर हल्ले होऊन तो बंद पाडण्यात आला. यावरून सांकेतिक भाषेपुरतीच सहिष्णुता असलेल्या समाजात उघड उच्चाराची किंमत किती होती, हे कळून येते. वर्गभेदाचाही प्रश्न आहे : इंग्रजी शिकलेल्या महानगरी तरुणाची मडॉना आणि तालुक्याच्या गावातील तरुणाची माधुरी यांत केवळ आवडीचा नव्हे, तर उपलब्ध साधनांचाही फरक होता.

मूल्यमापन : उघडपणे समलिंगी असलेले लेखक, दिग्दर्शक व गायक आता पुढे येत आहेत. सचिन कुंडलकर यांची कोबाल्ट ब्लू (२००६) यासारखी कादंबरी मराठीतच समलिंगी प्रेमाविषयी आडपडदा न ठेवता बोलते. अशा स्थितीत उसन्या स्वराची गरज संपेल, असे काही अभ्यासकांस वाटते. उलट, बंधने सैल झाल्यावरही हे पूजन टिकून आहे, असे आढळते. गुपित ठेवण्यासाठी घेतलेले गीत पुढे उत्सवाचे गीत होऊ शकते. कलावंताची थोरवी किंवा तिच्या यातना यांवरून या प्रक्रियेचा पूर्ण उलगडा होत नाही. ज्यांच्या स्वतःच्या देहास नाचण्याची मुभा नव्हती, त्यांनी ती दुसऱ्याच्या देहातून मिळविली, हे तिचे मूळ कारण होय. ही मुभा ज्या प्रमाणात सर्वांस सहज मिळू लागेल, त्या प्रमाणात तारका ही गरज न राहता निखळ आवड बनेल.